स्वीडिश भाषेतला उद्या

लंडनमधल्या पिनरच्या चर्च हॉलमध्ये भरणाऱ्या शनिवारच्या मराठी वर्गाला प्रधान सरांनी बावीस वर्षं शिकवलं, आणि हॅरोतल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित. मुलं त्यांना घाबरत नसत, पण त्यांच्यासमोर चुकीचं वाक्य बोलून कुणी सुटतही नसे. वाक्य चुकलं की सर हसून म्हणत, "पुन्हा." दहादा चुकलं तर दहादा म्हणत, आवाज मात्र एकदाही चढत नसे. आता शहात्तराव्या वर्षी त्यांच्याकडे एकच विद्यार्थिनी उरली होती आणि विषय होता स्वीडिश.

ही विद्यार्थिनी म्हणजे त्यांची दहा वर्षांची नात ईरा. तिची आई ईशिता केंब्रिजला संशोधन करत होती. गेल्या वर्षी तिला स्वीडनमधल्या लुंदच्या विद्यापीठात जागा मिळाली आणि येत्या ऑगस्टमध्ये सगळं घर तिकडे हलायचं ठरलं. तेव्हापासून ईराची आठवड्यातून दोनदा ऑनलाइन शिकवणी सुरू होती. आजोबांनीही तेच पुस्तक मागवून घेतलं. नातीच्या एक धडा पुढे राहायचं, एवढाच त्यांचा नेम.

ईस्टरच्या सुट्टीत ईरा पिनरला आजोबांकडे आली ती काळजी बरोबर घेऊनच. गुरुवारी सकाळी दहा वाजता लुंदच्या शाळेतल्या बाई तिच्याशी व्हिडिओवर बोलणार होत्या. नीट बोलता आलं तर तिला तिच्या वयाच्या मुलांच्या वर्गात घेणार, नाहीतर पहिलं वर्षभर परदेशातून आलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात. ईराला तो वेगळा वर्ग नको होता. एकदा तिथे बसवलं की शाळा संपेपर्यंत आपण 'ती नवीन मुलगी'च राहणार, असं तिने आजोबांना बजावून सांगितलं होतं.

पुढच्या वर्षाबद्दल प्रश्न असतील, असं शाळेच्या पत्रात होतं. म्हणून सरांनी भविष्यकाळ हाती घेतला. हा धडा त्यांना स्वतःला फार आवडला होता. मराठीत 'जाईन' म्हटलं की शब्दाचं शेपूटच सांगून टाकतं, गोष्ट अजून व्हायची आहे. स्वीडिश क्रियापदाला असं शेपूटच नाही. मग ते लोक उद्याबद्दल बोलतात कसे? सरांनी किचनमधल्या टेबलावर स्टीलच्या तीन वाट्या मांडल्या. पहिली वाटी 'स्का'ची: जे आपण ठरवलंय ते तिच्यात. दुसरी 'कॉमर अत्'ची: जे आपल्याला न विचारता होणार आहे ते. पाऊस पडणार, दात पडणार, आजोबा म्हातारे होणार. तिसऱ्या वाटीत नुसता वर्तमानकाळ, सोबत दिवसाचं नाव दिलं की झालं. आपणही म्हणतोच की, 'मी परवा केंब्रिजला जाते.'

ईराने पटापट चिठ्ठ्या लिहून वाट्यांत टाकल्या. 'मी पोहायला शिकणार' पहिल्या वाटीत गेली, 'मंगळवारी मैत्रीण दिया येते' तिसरीत. 'आम्ही स्वीडनला राहणार' ही चिठ्ठी मात्र तिने दुसऱ्या वाटीत, पावसाशेजारी टाकली.

सर म्हणाले, "पुन्हा."

"नाही, बरोबर आहे ती," ईरा म्हणाली. "माझं मत कुणी विचारलंच नाही, आजोबा. इट्स लाइक द वेदर."

सरांनी पुष्कळ विचार केला. नियमाने पाहिलं तर पोर चुकत नव्हती. चिठ्ठी जिथे होती तिथेच राहिली.

पण परीक्षेत असं बोलून चालत नाही, असं त्यांच्यातल्या मास्तराला वाटलंच. बुधवारी दुपारी त्यांनी संभाव्य प्रश्नांची उत्तरं एका पानावर सुवाच्य अक्षरात लिहून काढली. त्यात 'मला स्वीडनला यायची फार उत्सुकता आहे' हे वाक्यही होतं. ईराने जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं पान घडाघडा पाठ करून दाखवलं. सर निश्चिंत झाले.

गुरुवारी ती लॅपटॉपसमोर बसली आणि सर तिच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने. म्हणे नुसते सोबतीला. कारिन नावाच्या त्या बाईंचा चेहरा प्रेमळ होता. त्यांनी नाव विचारलं, आणि ईराने तोंड उघडायच्या आत सरांचे ओठ हलले. आपल्याकडची रीतच आहे ती. पाहुण्याने मुलाला नाव विचारावं तर नाव आई सांगते, इयत्ता बाबा सांगतात आणि मोठेपणी कोण होणार ते आजोबा. पोराने फक्त मान हलवायची. उन्हाळ्यात काय करणार, या प्रश्नाला सरांनी हळूच पहिला शब्द पुरवला. मग बाईंनी विचारलं, इंग्लंडमधल्या कशाची तुला आठवण येईल? हे पानावर नव्हतं. ईरा थबकली. सरांनी घाईघाईने कागदावर 'माझे आजोबा' असं स्वीडिशमध्ये लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

पडद्यावरच्या बाई हसल्या आणि त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, खोलीत आणखी कुणी आहे का?

ईराचे कान लाल झाले. तिने मान वळवली आणि मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर थांबा. चुकलं तर माझं मला चुकू द्या. प्लीज."

सर उठले. आयुष्यात त्यांनी बऱ्याच मुलांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. स्वतः बाहेर उभं राहायची ही पहिलीच वेळ. दार ओढून घेऊन ते पॅसेजमध्ये जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

आतून ईराचा आवाज आला, सावकाश, अडखळत. पहिल्याच वाक्यात क्रियापद भलत्या जागी पडलं. 'पुन्हा' सरांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. ती सांगत होती की तिला तिच्या क्रिकेट टीमची आठवण येईल, ती ऑफस्पिन टाकते, आणि लुंदला मुलींची टीम आहे का? बाईंना क्रिकेट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं आणि ईरा समजावायला लागली.

पुस्तकातल्या एकाही धड्यात स्टंप नव्हते. ते तिने 'तीन उभ्या काठ्या' केले, आणि बेल्स झाल्या 'वर झोपलेल्या दोन छोट्या काठ्या'. त्यांना झोपेतून उठवलं की बॅट धरलेली मुलगी घरी. चेंडू पायाला लागला तरी कधीकधी घरी, पण ते का ते कुणालाच नीट माहीत नाही. मोठ्यांचा सामना पाच दिवस चालतो आणि शेवटी कुणीच जिंकत नाही असंही होतं. पाऊस आला तर सगळे चहा पितात. बाई खळखळून हसत होत्या आणि प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. सरांनी पंधरा चुका मोजल्या. मग मोजणं सुटलं, कारण सोळावी चूक ऐकताना ते स्वतःच तोंडावर हात धरून हसत होते.

मग बाईंनी विचारलं, स्वीडनला यायची उत्सुकता आहे ना? पाठ केलेलं उत्तर तयारच होतं. सर कान देऊन उभे राहिले.

"अजून नाही," ईरा स्वीडिशमध्ये म्हणाली. "डिसेंबरमध्ये पुन्हा विचारा. पण तिथे टीम नसेल तर मी काढणार आहे. तुम्ही अंपायर व्हा. हॅट घालून उभं राहायचं, एवढंच."

हे वाक्य सरांनी शिकवलेलं नव्हतं. ते शिकवता आलंही नसतं.

वीस मिनिटांनी दार उघडलं. ईराला तिच्याच वयाच्या वर्गात घेतलं होतं. 'किती चुका झाल्या?' असं तिने आजोबांना विचारलं तेव्हा पुष्कळ झाल्या, असं त्यांनी खरं तेच सांगितलं. ती समाधानाने टोस्ट करायला गेली.

जरा वेळाने ईशिताचा फोन आला. वर्ग मिळाल्याचं ऐकून ती आनंदली, मग तिला संशय आला. "खरं सांगा बाबा, तुम्ही किती उत्तरं पुरवलीत?"

"दीड," सर म्हणाले. "मग तिने मला बाहेर घालवलं."

"अय्यो, सॉरी बाबा. मी बोलते तिच्याशी."

"एक अक्षर बोलू नकोस तिला," सर म्हणाले.

चहाच्या वेळेपर्यंत त्यांचे नॉटिंगहॅमच्या धाकट्या भावाला, शनिवारच्या वर्गाच्या उल्काताईंना आणि शेजारच्या संजयला फोन करून झाले होते. नातीला वर्ग मिळाल्याचं त्यांनी तिघांनाही शेवटी सांगितलं. त्याआधी सांगितलं ते हे, की आज आमच्या ईराने मला खोलीबाहेर काढलं.