पासिंगपुरती कमान

गाडीचं छप्पर कापणं म्हणजे डब्याचं झाकण काढणं नव्हे, हे मी सयाजीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. छप्पर गेलं की गाडी मधोमध वाकते, दारं अडकतात, आणि उलटली तर आतल्या माणसाच्या डोक्यावर काहीच उरत नाही. सयाजी हसला. त्याच्या हातात कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं लाल स्पोर्ट कारचं चित्र होतं, आणि हातात चित्र असलेल्या माणसाला कान नसतात.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची. सयाजी म्हणजे काळेवाडीच्या आबाजींचा एकुलता एक. आबाजींची जमीन कारखान्यांत गेली, हातात पैसा आला, आणि हौसेला मोल नसतं. वैशाखात लग्न ठरलं होतं, वरात उघड्या गाडीतून काढायची होती. लग्नानंतर तीच गाडी रोज फिरवायची होती. त्यानं एक जुनी दोन दारांची मोटार विकत घेतली आणि भैरूच्या शेडमध्ये आणून उभी केली.

भैरू डेंटर, आबाजींच्याच जागेत शेड टाकून बसलेला. मी एका मोटार कंपनीत गाड्यांच्या चाचण्या घेणारा इंजिनियर. पत्र्यावर चालणारा भैरूचा हात बघायला मला आवडायचं, म्हणून रविवारी तिथं जाऊन बसायचो आणि कुणी न विचारता अक्कल शिकवायचो. हा माझा जुना रोग.

माझ्या सांगण्यावरून भैरूनं दारांखाली दोन्ही बाजूंना जाड लोखंडी चॅनल वेल्ड केले. पुढच्या सीटमागे मी जाड पाइपची कमान काढून दिली, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. गाडी उलटली तर भार तिनं घ्यायचा. कमान बघून सयाजीचं तोंड उतरलं. गोठ्याच्या दारासारखी दिसते म्हणाला. पण गाडीत एवढा बदल केल्यावर आरटीओत माझं पत्र लागणार होतं, आणि कमानीशिवाय मी पत्र देणार नव्हतो. मग त्यानंच तोडगा काढला. कमान वेल्ड करू नका, बोल्टवर बसवा. पासिंगपुरती.

भैरूनं माझ्याकडे पाहिलं. उन्हानं माझं डोकं तापलं होतं, अख्खा रविवार त्या पाइपापायी फुकट गेला होता. बसव बोल्टवर, म्हणालो. चार बोल्ट. ट्रकवालेही पासिंगपुरता आरसा लावतात, पासिंगपुरता हॉर्न लावतात, मग मी काय जगावेगळं केलं, असं स्वतःला बजावत मी पत्रावर सही ठोकली.

वरातीच्या संध्याकाळी नवरा-नवरीला मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसवायचं होतं, गावाला दिसावीत म्हणून. कमान आडवी आली. नव्या सुनेच्या, इंद्रायणीच्या, मुंडावळ्या तिच्यात अडकायला लागल्या. आबाजींनी भैरूकडून पाना मागून घेतला आणि फेटा सावरत स्वतः चारही बोल्ट सोडले. लोक हसले. मी तिथंच पेढा खात उभा होतो. उद्या कमान परत लावायला सांगू, असं मनात आलं. पेढा संपला, तसं तेही संपलं.

दिवाळीनंतर सयाजी चाकणहून एकटाच येत होता. भर दुपार, रस्ता मोकळा. म्हैस आडवी आली म्हणून त्यानं गाडी बाजूला घेतली, चाक डांबरावरून खाली उतरलं आणि गाडी चरात उलटी झाली. वेग फार नव्हता, असं पाहणारे सांगत. तो जागच्या जागी गेला.

पोलीस चौकीच्या आवारात जाऊन मी गाडी पाहिली. पुढच्या काचेची चौकट पार चपटी झाली होती. तळ मात्र सरळ होता. दार ओढलं, ते एका बोटानं उघडलं आणि एका बोटानं लागलं. असं काम होतं भैरूचं. कमानीच्या चार भोकांत माती भरली होती. मी तिथंच खाली बसलो. मला रडू आलं. त्यातलं सयाजीसाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे अजून सांगता येत नाही.

गावात मात्र एकच बोललं जात होतं, भैरूनं काम कच्चं केलं. तेरावं झालं, आणि आबाजींना बोल्टचं सांगून टाकायचं असं ठरवून मी काळेवाडीला गेलो. आधी भैरूला सांगावं म्हणून शेडमध्ये शिरलो, तोच मागून आबाजी आले. दाढी वाढलेली, चालणं एकाएकी म्हाताऱ्याचं. हत्यारांच्या पेटीवर बसले आणि भैरूकडे न बघता मला म्हणाले,

"सायेब, तुमी शिकलेली मानसं. खरं सांगा. ती कमान मी माझ्या हातानं काढली. ती असती तर पोरगं वाचलं असतं का?"

मी सांगायला आलो होतो ते एवढंच, की बोल्ट माझे. पण त्याआधी आता 'हो' म्हणावं लागणार होतं, आणि ते 'हो' ऐकून हा माणूस जगला नसता. 'नाही' म्हणावं तर पोरगं गेलं कशानं? भैरूच्या कामानं. म्हणजे भैरूची शेड जाणार, नाव जाणार. एरवी न विचारता बोलणारा मी भैरूच्या हातातल्या हातोडीकडे बघत राहिलो.

भैरूनं हातोडी खाली ठेवली.

"कमानीचा काय संबंध न्हाई, आबा. खालचं वेल्डिंग कच्चं ऱ्हायलं व्हतं माझं. सायेबांनी बजावलं व्हतं, मीच घाई केली."

आबाजी माझ्याकडे वळले.

"व्हय, सायेब?"

भैरूही माझ्याकडेच बघत होता. मी हो म्हणालो.

आबाजी उठले. महिनाअखेर जागा मोकळी कर, एवढंच भैरूला म्हणाले. दारापर्यंत गेले, तिथून परत आले आणि माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"पोरानं तुमचं ऐकलं न्हाई, सायेब," म्हणाले. "त्याला माफी करा."