आईचा शेवटचा मुक्काम

नऊ वर्षांत एकसष्ट पानं. वरकुट्याच्या बालवाडीत पोरांना गाणी शिकवून उरलेल्या वेळात मी कादंबरी लिहीत होते, आणि ती एकसष्टाव्या पानावर अडून बसली होती. झुंबर, माझा नवरा, म्हणायचा, "धरण झालं, कालवा आला. तुजी कादंबरी कवा येनार?" मी चिडायचे, पण त्याचं काही चूक नव्हतं.

कादंबरी आमच्याच घरची होती. माझे वडील तात्याबा पूर्वी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे. बासष्ट साली त्याच वाटेवर माझी आई बाळंतपणात गेली. तो दिवस मला लिहिता येत नव्हता. ती कुठं आडवी झाली, काय बोलली, पाणी कुणी पाजलं, काहीच ठाऊक नाही. बरोबरच्या बाया कधीच्या वारल्या होत्या. तात्यांना विचारलं की ते उठून गोठ्यात जायचे. शेवटी मनानंच रचून पाहिलं. चौदा वेळा लिहिलं आणि चौदा वेळा फाडलं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तात्यांना बारामतीला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आता थोडेच दिवस. मी भाकरीच्या फडक्यात वही गुंडाळून नेली. बाप जाणार या दुःखापेक्षा बासष्टावं पान राहील ही धास्ती मोठी होती, हे कबूल करते. लाज वाटते, पण तसंच होतं.

"तात्या, आय गेली त्या दिवशी काय झालं? तुमच्या माघारी मला कोन सांगनार?"

"मला काय म्हाईत," ते म्हणाले. "मी तितं न्हवतोच."

पुरुष मेंढरं घेऊन माळामाळानं जायचे. बाया, पोरं आणि घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड गाडीवाटेनं जायचं. गाठ पडायची ती संध्याकाळी, मुक्कामावर. हे मीच बाराव्या पानावर लिहिलं होतं. आणि नऊ वर्षं मी त्यांनाच विचारत बसले होते.

"मी आलो तवा तिला झाकल्याली हुती. कुनाला इचारायचा धीर झाला न्हाय." ते दमले, थांबले. "तू हुतीस की तितं, घोड्यावर. मोटी झालीस की तुलाच इचारनार हुतो."

"मी चार वर्साची हुते, तात्या. मला काय आठवत न्हाय."

"आटीव," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी बाहेर बाकावर वही उघडून बसले. दुपार उलटली तरी काही येईना. मी रडले, स्वतःला शिव्या दिल्या, वही फेकून द्यायलाही उठले. मग हाताला काहीतरी ऊबदार आठवलं. घोड्यावर माझ्या मांडीत पाय बांधलेली कोंबडी होती, आणि खालून आई म्हणत होती, "घट धर तिला, सारजे. मी हितं जरा बसते."

तेवढंच लिहिलं आणि आत जाऊन वाचून दाखवलं. तात्यांनी ते तीनदा वाचायला लावलं.

"म्होरं?" त्यांनी विचारलं.

पुढचं पान कोरं होतं. मी खुर्ची त्यांच्या खाटेजवळ ओढली आणि पेन उघडलं.