शिडीची जर्सी

घरात तिला सगळे शिडीच म्हणत. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तिच्याएवढं उंच कुणी नव्हतं, त्यामुळे फोटोत ती कायम मागच्या ओळीत, तेही पाठ वाकवून. आईचं निम्मं आयुष्य तिच्या पँटींच्या खालच्या शिवणी उसवण्यात गेलं होतं.

परदेशातल्या एका क्लबनं तिला पगारी खेळाडू म्हणून घेतलं आणि आज पार्सलनं जर्सी आली. बाबा एकाच पायात चप्पल सरकवून शेजाऱ्यांना सांगायला पळाले.

शिडीनं जर्सी चढवली, तर ती पार गुडघ्याला टेकली.

"मेल्यांना साधं माप घेता येत नाही!" आई कडाडली. "काढ, आत घेऊन देते."

शिडीनं मानेमागची पट्टी ओढून वाचली आणि किंचाळलीच.

"खबरदार कात्री लावलीस तर! आई, हे त्यांचं सगळ्यात लहान माप आहे. तिकडे मी बुटकी! फोटोत पुढच्या ओळीत!"

आणि कधी नव्हे ती पाठ ताठ करून ती घरभर नाचत सुटली. डोकं आपटून छताच्या दिव्याची काच खळ्ळकन फुटली, तरी आई ओरडली नाही.