बॉल कोण आणणार?

आमच्या कुडपण गावात बॉलिंगचा सराव मी एकटाच करतो. बरोबरीचे सगळे मुंबईला. भात कापलेल्या शेतात तीन काठ्या रोवायच्या, बॉल टाकायचा आणि तो आणायला आपणच धावायचं. किती वर्षं, ते विचारू नका, डोकं फिरतं.

पोलादपूरच्या स्पर्धेला आमच्या गावची टीम मुंबईहून गाडी करून थेट मैदानात उतरली. पहिली ओव्हर मला दिली. पहिलाच बॉल बॅट्समनला चकवून मागं गेला, आणि मी सवयीनं त्याच्यामागं धावत सुटलो.

"दत्ताराम, चाललास कुठं रे?" कीपर विनीत ओरडला. "बॉल माझ्याकडं हाय!"

सगळं मैदान हसलं. माइकवरचा कॉमेंट्रीवाला तर थांबेचना. हसा म्हटलं, मेल्यांनो. पण विनीतनं बॉल माझ्याकडं फेकला, आणि पुढचा प्रत्येक बॉल असाच कुणी ना कुणी माझ्या हातात आणून टाकला.

दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो. गाडी मैदानातूनच मुंबईला परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात बॉल टाकला. काठ्यांच्या बाजूनं तो पार बांधापर्यंत गेला. मी हात पुढं करून तिथंच उभा राहिलो.