दोनशे तासांचं तेल

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात एक ओळ असते: आम्ही अमुक कंपनीचंच तेल सुचवतो. ती ओळ कशी लिहिली जाते ते मला विचारा. सव्वीस वर्षं मी कारखान्यात इंजिनं चाचणीला लावतोय.

नियम साधा. नवं तेल घालून इंजिन तीनशे तास न थांबता चालवायचं, मग खोलून बेअरिंगवरून नख फिरवायचं. नख अडकलं की तेल नापास. सध्या आमच्या पुस्तकात ज्याचं नाव आहे, त्या तेलावर चालवलेल्या इंजिनाने दोनशे चाळिसाव्या तासाला मान टाकली. बेअरिंगवर नख काय, बोट अडकत होतं. मी नापास लिहिलं.

खरेदी विभागाच्या साहेबांनी मला बोलावून दार लावून घेतलं. तेलवाले आमच्या प्रत्येक नव्या गाडीत पहिलं तेल फुकट भरणार होते आणि बदल्यात त्यांना पुस्तकातली ती ओळ हवी होती. खोटं लिही, असं साहेब म्हणाले नाहीत. इतके कच्चे नव्हते ते. दुसरं इंजिन लाव, दोनशे तासांवर बंद कर आणि दिसेल ते लिही, एवढंच म्हणाले. मी तेच केलं. बेअरिंग स्वच्छ होतं. 'दोष आढळला नाही' असं लिहून सही ठोकली. पहिला कागद साहेबांनी ठेवून घेतला, मीही परत मागितला नाही. नोकरी टिकली. शेपूट घालणाऱ्याची टिकतेच.

वर्षभराने भावोजींनी टॅक्सीसाठी आमचीच गाडी घेतली, तीही माझ्या शब्दावर. तेल कोणतं घालू, असं त्यांनी विचारलं. पुस्तकात आहे तेच घाला, म्हणालो. खरं सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही. भावोजी नको तितके काटेकोर. तेल बदललं की तारीख आणि किलोमीटर वहीत, रिकामा डबा फळीवर. घर हलवलं तर माझ्याआधी डबे न्याल, असं ताई त्यांना चिडवायची.

तिसऱ्या वर्षी गाडी ऐन चढावर बंद पडली. इंजिन जाम. तेल वेळेवर बदललं नाही, असं म्हणून कंपनीने वॉरंटी नाकारली. भावोजी वही आणि पोतंभर डबे घेऊन तक्रार विभागात जाऊन बसले. इंजिन तपासायला जाणकार म्हणून कंपनीने बोलावलं ते मला. साहेब शेजारीच होते.

मला पाहून भावोजींच्या जिवात जीव आला.

"हा माझा मेहुणा," ते समोर बसलेल्या तक्रार विभागाच्या बाईंना म्हणाले. "आता हाच सांगेल."

मी बेअरिंग हातात घेतलं. तीच झीज होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्यांना गरजच नव्हती.

"वहीत काहीही लिहिता येतं," मी म्हणालो. "तेल बदलायचं राहिलेलं दिसतंय."

वाटलं, ते उठून माझी गचांडी धरतील. धरली असती तर बरं झालं असतं. ते वही उघडून एकेक ओळ बोटाने तपासत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी ती मिटली.

"तू म्हणतोस म्हणजे असेल," ते म्हणाले. "गेल्या वर्षी ही आजारी होती, तेव्हा राहिलं असेल माझ्याकडून. माझ्यापायी तुला मात्र सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं."