पलंगाचा चौथा पाय

मी पलंगाचा चौथा पाय बोलतोय. बाकीचे तीन लाकडाचे, मी कागदाचा. सुतळीने आवळलेला, एकाच कादंबरीच्या पंचवीस प्रतींचा गठ्ठा. थट्टा वाटत असेल तर पलंगावर बसून बघा.

आमचे मालक लेखक. कुठलाच प्रकाशक दाद देईना, तेव्हा त्यांनी स्वतःचंच प्रकाशन काढलं. पण काम रीतसर! प्रकाशक म्हणून त्यांनी लेखकाला पत्र लिहिलं, ‘आपली कादंबरी स्वीकारत आहोत’, तिकीट लावून पेटीत टाकलं आणि तीन दिवस दारात पोस्टमनची वाट पाहिली. पत्र वाचून लेखकाला असा आनंद झाला की प्रकाशकालाही भरून आलं.

मुद्रितं तपासणारे मालकच, गठ्ठे बांधून सायकलवरून दुकानोदुकानी पोचवणारेही तेच. बाकीचे गठ्ठे गेले, मी उरलो. तेवढ्यात पलंगाचा पाय मोडला आणि माझी तिथे नेमणूक झाली. मालकीणबाई म्हणाल्या, “चला, तुमच्या कादंबरीने कुणाला तरी आधार दिला.”

नऊ वर्षं उभा आहे. पलंग माझ्या बाजूने हळूहळू कलत गेला. मालक म्हणायचे, “फरशी खचतेय.” मला खरं कारण ठाऊक होतं, पण पायाला विचारतो कोण?

मालकांची आणखी सात पुस्तकं निघाली, पण पहिल्या कादंबरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते त्यांच्या मनाला लागलं. गेल्या महिन्यात प्रकाशकाने लेखकाला पुन्हा पत्र धाडलं: ‘वाचक नसल्याने प्रकाशन बंद करत आहोत.’ लेखक दोन दिवस जेवला नाही. प्रकाशकालाही मग उपाशी राहावं लागलं.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या बाई दारात.

“तुमची पहिली कादंबरी हवी होती. आमच्या वाचकगटासाठी, पंचवीस प्रती.”

“नेमक्या पंचवीसच आहेत!” मालक पलंगाखाली शिरले. मला ओढलं, सोडलं, मोजलं. एकोणीस!

“सहा गेल्या कुठे? उंदीर?”

“उंदीर कसले, मैत्रिणी!” मालकीणबाई म्हणाल्या.

मालकांची सायकल वळणाआड गेली की त्या एका हाताने पलंग उचलायच्या, दुसऱ्याने प्रत काढायच्या. वर गाद्या आणि ट्रंक तशीच! मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या सहा प्रती घरोघर फिरल्या, त्यातूनच तो वाचकगट उभा राहिला.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर ‘कशी वाटली’ म्हणून मागे लागला असता.”

“कशी वाटली?”

“बघा! ... शेवटाला रडले हो मी. पण मधली चाळीस पानं प्रकाशकाने कापायला हवी होती.”

“प्रकाशक लेखकाच्या ओळखीचा पडला,” मालक पुटपुटले आणि चष्मा पुसत बसले.

आता मी सायकलच्या कॅरियरवर आहे. पलंग तूर्त विटांवर. मालक पत्र लिहिताहेत, दुसरी आवृत्ती काढावी म्हणून प्रकाशकाला विनंती. आतून हाक आली, “पलंगासाठी पंचवीस जास्तीच्या छापायला सांगा हो त्यांना!”

येतो मी. इतकी वर्षं उभ्याने काढली, आता कुणाच्या तरी हातात पडायचंय. त्या चाळीस पानांत डुलकी लागली तर खुशाल घ्या. फक्त मला उशाशी ठेवा, पायाशी नको.