मागच्या बाजूला लिहिलेलं

“घरी कोण असतं, आजोबा?”

“बायको आहे ना. ठणठणीत.”

पाठवणीबाईंनी ते लिहिलं नाही. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी सोडण्याआधी तिकडची सोय लावणं हे त्यांचं काम. वॉर्डाने त्यावरूनच त्यांचं नाव पाडलं होतं. एकोणीस वर्षांत त्यांचे पाय कामातून गेले होते. त्या पलंगाच्या कडेवरच टेकल्या.

“काल मी तुमच्या घरी फोन केला. त्या म्हणाल्या, हे ऑफिसातून यायचेत अजून.”

आजोबा चादरीची सुरकुती सारखी करत राहिले. “थट्टेखोर आहे ती.”

“शेजारीण म्हणाली, त्यांना पेटत्या गॅसपासून ओढताना तुम्ही पडलात.”

“तिला सगळ्यात नाक खुपसायची हौसच आहे.” मग आवाज उतरला. “लिहू नका हो. बायकोला एकीकडे ठेवतील, मला दुसरीकडे. चार वर्षं सांभाळलंच ना मी?”

अशी गळ बाईंना पुष्कळांनी घातली होती. एकदा त्यांनी एका पेशंटचं ऐकलंही होतं. त्याच्या घरावरून जाणं त्या अजून टाळत.

“उभे राहून दाखवा.”

आजोबांनी वॉकर धरला. खुब्यात बसवलेला नवा सांधा सांभाळत उठले, ओठ आवळले आणि दहा मोजायच्या आत बसले.

“खरं लिहिलं तरच मदतनीस मागता येईल,” बाई म्हणाल्या. “सहा आठवडे तुम्ही पुनर्वसन केंद्रात. त्या घरीच, सोबत दिवसरात्र बाई. एवढं मी भांडून मिळवते. पुढचं मला सांगता येत नाही.”

आजोबांनी वॉकर बाजूला सारला.

“लिहा.”

‘तुम्ही कोणाला सांभाळता?’ असा रकाना फॉर्मात नव्हता. बाईंनी कागद उलटला. “सांगा, त्यांचं काय काय बघावं लागतं?”

“चहा कोमट द्यायचा. न्हाणीघराची आतली कडी मी काढलीय, ती बसवू नका. वेणी ती स्वतः घालते. मध्येच हात थांबला की पुढचे पेड आपण घालायचे. बोलायचं नाही काही.”

“आणखी?”

“मदतनिसाला सांगा, तिला आजी म्हणू नको. चिडते.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “ती बत्तीस वर्षांची आहे.”

बाईंनी बत्तीस लिहिलं, आणि आजोबा पुढची ओळ सांगतात का म्हणून थांबून राहिल्या.